देवगड हापूस, मुक्काम पोस्ट कर्नाटक

पेटीवर ठसठशीत अक्षरांत ‘अस्सल देवगड हापूस’. उघडली तर आंब्यांखाली कानडी वर्तमानपत्र! देवगडात कानडी पेपर कधीपासून वाचायला लागले हो? विचारलं तर वर आम्हालाच, “साहेब, कागदाचं काय घेऊन बसलात, वास बघा!” बघितला. नुसत्या पेंढ्याचा!

2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ‘हापूस’ हे नाव लावायचं ते याच पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, बस्स. पण खोकी छापणाऱ्याला कोण विचारतंय? म्हणाल ते गाव छापून मिळतं. अरे, कर्नाटकचा आंबा कर्नाटकचा म्हणून विका ना, घेऊ की! पण नाही. साल जाड, आतून फिकट पिवळा आणि भाव मात्र देवगडचा. वर ‘आमच्याच बागेतला’ ही थाप! बाग कुठंय, धारवाडला?