बाबांचा फोन फुगलाय

आज सकाळी बाबांचा फोन कपाटातून काढला, तर त्याचं मागचं झाकण एका कडेने वर आलेलं. बॅटरी फुगलीय. दर रविवारी मी तो चार्ज करते, थोडा वेळ ऐकते आणि बंद करून पुन्हा ठेवून देते. ते गेल्यापासून तीन वर्षं हेच चाललंय.

काय ऐकते ते सांगते. शेवटच्या काळात बाबांच्या गोष्टी लक्षात राहत नव्हत्या, आणि हात थरथरायचा म्हणून लिहिताही येत नव्हतं. मग मीच त्यांना फोनमधला रेकॉर्डर शिकवला. "उद्या चष्मा दाखवायचा." "जिन्यातला दिवा गेलाय, सांगायचं." "धाकटीला दोन दिवस फोन केला नाही." धाकटी म्हणजे मी. अशा ११२ नोंदी आहेत. बऱ्याचशा चार-पाच शब्दांच्या. प्रत्येक नोंदीच्या आधी ते घसा खाकरतात, समोर माणसं बसली असल्यासारखे.

दुपारी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने मॉडेल नंबर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, याचा सपोर्ट बंद झालाय. बॅटरी येत नाही आता. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, नवीन घ्या." मी म्हटलं, यात माझ्या वडिलांचा आवाज आहे. तो म्हणाला, "डेटाची जबाबदारी आम्ही घेत नाही." उद्धटपणे नाही म्हणाला. दिवसातून वीस वेळा म्हणत असेल. त्याच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो हे ठरवणाऱ्यांवर. फोन सहा वर्षांचा आहे. स्क्रीनवर ओरखडा नाही, बटणं चालतात, स्पीकर खणखणीत आहे. लिथियमची बॅटरी काही वर्षांत थकणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, ते तिच्या रसायनातच आहे. आणि फोनमधला जो भाग सगळ्यात आधी जाणार, नेमका तोच गोंदाने चिकटवून टाकायचा! पूर्वी नखाने झाकण उघडून आपण बॅटरी बदलत होतो की. गोंदामुळे फोन पातळ होतो, पाणी आत जात नाही, हे मान्य. पण म्हणून सहा वर्षांनी सुटा भागच मिळू नये?

आणि हे जमत नाही असंही नाही. युरोपीय संघाने नियम केलाय, फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. थोडे अपवाद आहेत त्यात. पण कायदा आला की त्याच कंपन्यांना, त्याच इंजिनिअरांना बरोबर जमायला लागतं. म्हणजे इतकी वर्षं अडलं होतं ते इच्छेवर.

"देऊन टाका." कुठे देऊन टाकू? २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला तो एक चतुर्थांशसुद्धा नाही. उरलेला कुठेतरी जातोच ना? घानाच्या आक्रा शहरातल्या आग्बोग्ब्लोशीत कोवळी पोरं तांब्यासाठी वायरी जाळत उभी असायची, काळ्या धुरात. बॅटरीतला कोबाल्ट बहुतेक काँगोतून येतो, तिथेही खाणीत मुलं उतरतात. एवढं करून बनवलेली वस्तू सहा वर्षांत टाकून द्यायची, आणि ती टाकवत नाही म्हणणाऱ्या बाईकडे आपण हळवी म्हणून बघायचं.

बॅकअप का नाही घेतला, हे आता तुम्ही विचारणार. घ्यायला हवा होता. मान्य. मला वाटत होतं की नोंदी बाबांच्या ऑनलाइन खात्यावर आपोआप साठत असतील. गेल्या वर्षी ते खातं दुसरीकडून उघडायला गेले तर ओटीपी बाबांच्या नंबरवर. सिम कधीच बंद पडलेलं. रिचार्ज केला नाही की नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणालातरी दिला जातो, हे मला माहीतच नव्हतं. मी त्या नंबरवर फोन लावला. एका अनोळखी बाईने उचलला. "कोण बोलतंय?" मी काहीच बोलू शकले नाही, ठेवून दिला. माझ्या बाबांच्या खात्याची किल्ली आज त्या बाईकडे जाते, तिला पत्ताही नाही, आणि मी पोटची मुलगी असून दाराबाहेर.

केबल लावून फाइली उतरवता आल्या असत्या हेही खरं. पण मला ते घसा खाकरणं त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच स्पीकरमधून ऐकायचं होतं. दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकललं.

आपण विकत घेतो म्हणजे नक्की काय घेतो? २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर पुसली होती. हक्कांची भानगड निघाली म्हणून. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण घरात ठेवलेलं पुस्तक रात्रीतून उचलून न्यायला दुकानदाराचा हात पोचतो, हे तेव्हाच कळलं होतं आपल्याला. कळून आपण काय केलं? "आय ॲग्री" दाबत राहिलो. मीही.

जर्मनीतली एक गोष्ट मी कधीच विसरत नाही. २०१२ मध्ये बर्लिनच्या मेट्रो स्थानकात पंधरा वर्षांची एक मुलगी गाडीखाली गेली. अपघात की आत्महत्या, हे आईवडिलांना जाणून घ्यायचं होतं. तिचे संदेश बघायचे तर फेसबुकने तिचं खातं स्मृतिखातं, म्हणजे फक्त आठवणीपुरतं, करून गोठवलं होतं, पासवर्ड असूनही आत जाता येईना. काही वर्षं कोर्टात गेली. शेवटी २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की पत्रं आणि डायऱ्या जशा वारसांकडे जातात तसं हेही जाईल. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा कायद्यातही आपल्या मागे कुणी हे हक्क वापरायचे ते नेमून ठेवायची सोय लिहिलीय. पण माणसाने ते जिवंतपणी करायचं. ज्यांना रेकॉर्डर सुरू करायला मी शिकवलं, ते बाबा हे कुठून करणार होते?

इथवर लिहून थोडी थांबले होते.

त्या ११२ मध्ये एक नोंद चार मिनिटांची आहे. रात्री दोनच्या सुमाराची. मी ती एकदाच सुरू केली. त्यात ते घसा खाकरत नाहीत. आईचं नाव घेतात. आई त्याआधीच गेली होती. एवढं ऐकून मी बंद केली, पुन्हा लावली नाही. तेव्हा मेलेल्या माणसाचंही खासगीपण असतं असं जे म्हणतात, ते मला कळतं. कंपन्या तेच कारण पुढे करतात आणि ते अगदीच खोटं नाही. आईच्या पत्रांचा डबा बाबांनी मला दिला होता, तेव्हा त्यातली दोन काढून घेतली होती. कुठली, ते मी विचारलं नाही. पण ती निवड बाबांनी केली होती. ती चार मिनिटं ऐकायची की नाही, हेही या घरात ठरायला हवं. बॅटरी यायची बंद झाली म्हणून ठरायला नको.

फोन आता बाल्कनीत लोखंडी डब्यात ठेवलाय, आसपास जळण्यासारखं काही नाही. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. तुमच्याकडेही जुने फोन पडलेले असतील तर आजच काढून बघा.

संध्याकाळी एका दुरुस्ती करणाऱ्या काकांशी बोलले. ते म्हणाले, बॅटरी काढून बोर्डला बाहेरून वीज देऊन बघू, उठला तर फाइली काढून घेऊ. खात्री देत नाही म्हणाले. पैशांचं विचारलं तर म्हणाले, आधी आवाज येऊ दे.

उद्या अकराला जायचंय. पॅटर्न मला माहीत आहे, आईच्या नावाचं पहिलं अक्षर.