ठेव विम्याबाबत खुलासा

‘सहकारी बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला एक लाखच मिळतात, म्हणून दोन-तीन शाखांत खाती उघडा’ हा सध्या फिरणारा संदेश दोन्ही अंगांनी चुकीचा आहे.

एक लाखाची मर्यादा जुनी आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा महामंडळाचे संरक्षण मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत आहे, नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे आणि त्याचा हप्ता ठेवीदार नव्हे, बँक भरते. त्यापूर्वीच्या काही पासबुकांवर ‘एक लाख’ असा शिक्का आजही दिसतो. बहुधा गैरसमज तिथूनच पसरला असावा.

शाखा बदलल्याने मात्र काहीच साधत नाही, कारण एका बँकेच्या सर्व शाखांतील त्याच नावाच्या ठेवी एकत्र धरल्या जातात. व्यापाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे: किराणा दुकान एकट्याच्या मालकीचे असेल, तर दुकानाचे चालू खाते आणि मालकाचे बचत खाते मिळून मर्यादा पाच लाखांचीच राहते, भागीदारी संस्थेचे खाते मात्र वेगळे मोजले जाते. त्याच बँकेचे कर्ज थकलेले असेल, तर थकबाकीची रक्कम ठेवीतून वळती होऊ शकते.

पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण मुळीच नाही. पाटी सारखी दिसते म्हणून अनेकजण पतसंस्थेलाच बँक समजतात, आणि आम्हाला खरी काळजी त्यांची वाटते.