गिळलेलं प्लास्टिक ‘आलं तसं’ बाहेर जात नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरून येतो. त्याचं सार तीन मुद्द्यांत असं: एक, प्लास्टिक निष्क्रिय असतं, मासे ते गिळतात आणि विष्ठेवाटे टाकतात; दोन, समुद्र एवढा अफाट की रसायनं विरून जातात; आणि तीन, घातक रसायनांवर बंदी येऊन जमाना झाला. पहिला आणि तिसरा मुद्दा अर्धवट आहे. दुसरा साफ उलटा आहे, म्हणून त्यापासूनच सुरू करते.

पीसीबी ही पूर्वी विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी रसायनं पाण्यात जेमतेम विरघळतात, चरबीत मात्र मुरतात. प्लवकांतून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून) लहान माशात, तिथून मोठ्या माशात, मग सीलमध्ये, ऑर्कामध्ये (‘किलर व्हेल’मध्ये). पायरीपायरीने साठा वाढत जातो. जानेवारी 2016 मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर ‘लुलू’ नावाची ऑर्का मादी मरून किनाऱ्याला लागली. ती मेली मासेमारीच्या दोरात अडकून. पण तपासणीत तिच्या चरबीत किलोमागे 957 मिलिग्रॅम पीसीबी निघालं. सागरी सस्तन प्राण्यांना अपाय सुरू होण्याची पातळी साधारण 9 मिलिग्रॅम धरतात. लुलू किमान 20 वर्षांची होती, तरी ती कधी व्याल्याची खूण तिच्या अंडाशयात नव्हती. एरवी मादीच्या अंगातलं बरंचसं पीसीबी दुधावाटे पहिल्या पिल्लात उतरतं. (आई दूध पाजते आणि त्यातून हे जातं, ते वाचल्यावर मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.) लुलूला पिल्लूच झालं नाही, सगळं तिच्याच अंगात साठत राहिलं.

आता बंदी. ब्रिटनने पीसीबीवर बंदी घातली 1981 मध्ये. लुलू मेली त्यानंतर 35 वर्षांनी. बंदी निरुपयोगी नसते. जहाजांच्या रंगातलं टीबीटी हे विषारी रसायन बंद झाल्यावर, त्याच्यामुळे ज्या समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटत होतं, त्या अनेक ठिकाणी सावरल्या. पण समुद्राच्या गाळात बसलेलं पीसीबी कायद्याने नाहीसं होत नाही. आणि नवी रसायनं येतच असतात. पावसात अमेरिकेतल्या सिएटल भागातल्या ओढ्यांत चढणारे कोहो सॅमन मासे अंडी घालण्याआधीच का मरतात, याचं उत्तर 2020 च्या अखेरीस मिळालं: टायरच्या झिजेतून येणारं 6पीपीडी-क्विनोन हे रसायन.

राहिला ‘निष्क्रिय’ प्लास्टिकचा मुद्दा. बरेचसे कण बाहेर पडतात, हे खरं. पण फ्रान्समध्ये कालवांना दोन महिने पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म कण दिले, तेव्हा त्यांची अंडी 38 टक्क्यांनी घटली आणि शुक्राणूंचा वेग 23 टक्क्यांनी. अशा प्रयोगांतली मात्रा समुद्रातल्यापेक्षा बहुधा जास्त असते, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी त्याने ‘काहीच होत नाही’ हे सिद्ध होत नाही. शिवाय प्लास्टिक समुद्रातलं विष ओढून घेतं. जपानमध्ये प्लास्टिकचे कोरे दाणे फक्त सहा दिवस समुद्रात ठेवले, तर त्यांच्यावरचं पीसीबी दिवसागणिक वाढत गेलं. मे 2025 मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा 3 हे मालवाहू जहाज बुडाल्यावर तिरुवनंतपुरमच्या वाळूत पसरले ते असलेच पांढरे दाणे.