रेडकू नको, पान्हा हवा

तर तुम्ही गोठा घालायचं ठरवलंत. छान केलंत. बेळगावात दूध कधी पडून राहत नाही. कुंद्याच्या कढया आहेत, चहाचे गाडे आहेत, शिवाय "आम्ही पिशवीचं पीत नाही हो" असं मान उंचावून सांगणारी आमच्यासारखी माणसं आहेत. दहा मुऱ्हा म्हशी आणा, खानापूर रोडच्या आतल्या अंगाला पत्र्याची शेड ठोका. सगळं जमेल. अडचण एकच, आणि ती म्हैस विकत आणतानाच तिच्या मागून चालत येते. रेडकू.

हे जन्मतःच ३०-३५ किलोचं असतं आणि वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं दूध रोज मागतं. म्हणजे ३ लिटर. आजच्या दरानं गुणून बघा, पोटात गोळा येतो. पारडी असेल तर ठेवा, तीन-चार वर्षांनी फेडेल बिचारी. नर असेल तर त्याची सोय लावावी लागेल.

त्यासाठी कायदा नीट वाचा. कर्नाटकानं २०२० साली केलेल्या कायद्यात १३ वर्षांखालच्या म्हशी-रेड्याची कत्तल बंद आहे. केलीत तर ३ ते ७ वर्षं आत आणि ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड. (महाराष्ट्राची २०१५ ची बंदी गाय, बैल, वळू इथपर्यंत आली आणि म्हशीपाशी थांबली. सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की रेडकाची कलमं बदलतात. सीमाप्रश्न काय फक्त माणसांनाच असतो?) तेव्हा त्या भानगडीत पडूच नका. तुम्ही फक्त त्याला पाजू नका. जनावराला पोटापुरतं न देणं हाही गुन्हाच आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तसं लिहिलंय. पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत हल्ली म्हशीचं लिटरभर दूधही येत नाही. कुणी विचारलं तर "हगवण लागली हो" म्हणायचं. सगळे तेच म्हणतात.

रेडकू गेलं. आता राहिली म्हैस, आणि ती जात अडाणी. तिला अजून वाटतं की दूध रेडकासाठी येतं. तिचं बहुतेक दूध वर कासेच्या बारीक बारीक कप्प्यांत असतं, खाली सडात जवळजवळ काही नसतं. रेडकानं ढुशा दिल्या, सड तोंडात धरला, की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, ते रक्तातून कासेत पोचतं, कप्पे आवळले जातात आणि दूध खाली उतरतं. यालाच आपण पान्हा म्हणतो आणि त्यावर कविता करतो. रेडकू नसलं की ती पान्हा चोरते. चोरते हा शब्दही आपलाच, म्हशीला कुणी विचारलेलं नाही. जुनी माणसं मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवायची आणि ती चाटत उभी राहायची. त्या फसवणुकीत निदान तिच्या आईपणाची दखल तरी होती. पण पेंढा भरत बसायला आज वेळ कुणाला आहे?

म्हणून बाटली. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. बाळंतपणानंतर रक्त थांबेना झालं की डॉक्टर हेच टोचतात, कित्येक बायका त्यावर वाचल्या आहेत. त्या औषधाला डॉक्टरची चिठ्ठी लागते, ते थंड ठेवावं लागतं. तुम्हाला हवं ते तसलं नाही. तुमचं प्लास्टिकच्या बाटलीत येतं, बाटलीवर लेबल नसतं आणि दुकानात त्याचं नाव "दूध उतरायचं औषध" एवढंच असतं.

वापरायची रीत मी एका गोठ्यात पहाटे पाचला बघितली, तशी सांगतो. सिरिंज वाशाच्या फटीत खोचलेली होती, सुई उघडी. माणसानं ती काढली, बाटलीच्या रबरात खुपसली, ओढली, पहिल्या म्हशीच्या मानेत मारली, मग तीच दुसरीला, तीच तिसरीला. तिसरी म्हैस तो वाशाकडे हात नेतानाच बघत होती. टोचायच्या आधीच तिनं शेपूट वर घेतली, पाठ कमानीसारखी वाकवली आणि मुतली. मिनिटभरात चारही सडांतून थेंब गळायला लागले. "बघा की, कसं सोडतीय," तो म्हणाला. खरोखरच सोडत होती. हे औषध गर्भाशयही आवळतं. बाळंतिणीला कळा आणायलाही तेच देतात. तुमच्या म्हशीला त्या कळा दिवसातून दोनदा येणार, धारेच्या वेळेला. रोज टोचलं की पुढे ती बिनटोचता सोडायचीच नाही आणि गाभण राहायलाही कुरकुर करेल. पण तोवर तिचा पैसा वसूल झालेला असतो. दूध जास्त होतं का, असं विचाराल. हे औषध दूध बनवत नाही, असलेलं बाहेर काढतं. रेडकू जे फुकटात करत होतं तेच.

फुकटावरून आठवलं, फुका. जनावराच्या मागच्या मार्गात नळीनं हवा फुंकून दूध काढायचा हा जुना प्रकार. गांधीजींनी गायी-म्हशीचं दूध सोडलं त्यामागे फुक्याची किळसही होती. पुढे आजारपणात कस्तुरबांनी शेळीची पळवाट काढून दिली. बेळगावकर गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाबद्दल, काँग्रेस विहिरीबद्दल ऊर भरून बोलतात. त्याच वर्षी डिसेंबरात इथं गोरक्षा परिषदही झाली होती, अध्यक्ष गांधीजीच, हे मात्र फारसं कुणी काढत नाही. आपण शंभर वर्षांत तेवढी सुधारणा केली आहे. आता फुंकावं लागत नाही.

१९६० च्या कायद्याचं कलम १२ फुका आणि हे इंजेक्शन एकाच ओळीत बसवतं. हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय जनावर सरकारजमा. घाबरू नका. औषध रक्तातून काही मिनिटांत निघून जातं आणि बाटलीवर तर नावच नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं फर्मान काढलं की देशासाठी हे औषध एकाच कंपनीनं बनवायचं, बेंगळुरूच्या सरकारी कर्नाटक अँटिबायोटिक्सनं. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. बाळंतिणींना औषध कमी पडेल ही भीती होती आणि ती रास्त होती. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१९ मध्ये तिथून मोठ्या पीठाकडे. सुप्रीम कोर्टाची वाट आपल्याला काय नवीन? आपला सीमेचा दावा तिथं २००४ पासून आहे.

गिऱ्हाईक एकच विचारेल: "आमच्या पोरांना काही होणार नाही ना?" इथं खोटं बोलायची गरज नाही. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी, पोटात गेली की पचून जाते. "पोरी लवकर वयात येतात" ही गल्लीतली चर्चा तशीच चालू द्या, तुमचं काही बिघडत नाही. एवढं ऐकलं की गिऱ्हाईक निवांत होतं आणि पातेलं पुढे करतं.

दिवाळीच्या पाडव्याला मात्र कसूर नको. म्हशी धुऊन काढा, तेल लावा, शिंगं रंगवा, गळ्यात कवड्यांच्या माळा घाला आणि गवळी गल्लीपासून पळवा. लोक मोबाईल वर धरून उभे असतात. टोचलेली जागा माळांखाली दिसत नाही.

हे सगळं लिहायला बसण्याआधी मी आमच्या दूधवाल्या मामाला सहज विचारलं, "मामा, रेडकू कसं आहे तुमचं?" त्यांनी मापट्यातून नजर काढली नाही. "कुठलं रेडकू, सर?" म्हणाले. मग नेहमीपेक्षा अर्धं मापटं वरचं घातलं, किटलीचं झाकण लावलं आणि गाडीला किक मारली. मी पातेलं घेऊन आत आलो. साय बोटभर जाड आली होती.