संकल्प की वर्षाचं सूत्र? परभणीतल्या कट्ट्यावरचा वाद

"जानेवारीतली जिम फेब्रुवारीत सुटती. मग संकल्प म्हणा नाहीतर सूत्र, फरक काय पडायलाय?" अण्णांनी पहिल्याच घोटाला विचारलं.

वसमत रोडवरची टपरी, थंडी कडक. विषय मी काढला होता. नव्या वर्षासाठी आकडा नको, एक सूत्र धरा, असं माझं म्हणणं. 'दहा किलो उतरवीन' हा संकल्प, तो मोडला की संपला. 'यंदा तब्येतीला आधी' हे सूत्र. एक दिवस चुकलं तरी दुसऱ्या दिवशी ते तिथंच असतं.

सर म्हणाले, "जे मोजता येत नाही ते पाळल्यासारखं नुसतं वाटतं. पोरांना 'यंदा अभ्यासाचं वर्ष' म्हणून चालत नाही, रोज दहा गणितं म्हणावं लागतं." हे मला पटलं. परीक्षेसारखी तारीख ठरलेली असेल तिथं आकडाच पाहिजे.

पण दाजी बोलला आणि वाद फिरला.

"2025 ला मी आकडाच धरलता. एकरी दहा पोते सोयाबीन. सप्टेंबरात पाणी बसलं ते हटंना. शेंगा झाडावरच उगवल्या."

त्यानं तेव्हा शेंग फोडून दाखवली होती. दाणे काळे, वर पांढरे कोंब.

माझा सगळा मुद्दा तिथंच आहे. पोत्यांचा आकडा पावसाच्या अन् मोंढ्याच्या हातात. सूत्र आपल्या हातात. दाजीनं 'हिशोब' धरला असता तर पाणी ओसरल्यावरही त्याला काम उरलं असतं: आधी कुणाचं देणं फेडायचं, हरभऱ्याला बी घरचं का विकतचं, लग्नात मांडव केवढा. आणि 'सुख', 'शांती' असले शब्द तर धरूच नयेत. त्यानं एकही निर्णय बदलत नाही. या आठवड्यातच एखाद्या गोष्टीला नाही म्हणायला लावील तेच खरं सूत्र.

"अन् तपासायचं कधी?" सर.

"हंगाम संपला की. खरीप, रब्बी, उन्हाळा."

"आमचं साल तर पाडव्याला लागतं," दाजी म्हणाला. "सालगडी बी तवाच ठरतो. तवर थांबू का?"

2026 चा पाडवा 19 मार्चला. तोवर हरभरा निघून पैसा आलेला अन् गेलेलाही असतो. मी म्हणलं, आजच धर, सालगड्याचा बोल करताना तेच कामाला येईल.

अण्णा इतका वेळ गप्प होते. "मह्या दुकानाला कोणतं धरू? उधारी लई झाली."

"नाही म्हणायचं," मी.

"नाही म्हणलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात."

सूत्राला विरोध करणारे सरच मग म्हणाले, "'आधी लिहायचं' हे धरा. द्यायचं बंद करू नका, पण वहीत लिहिल्याबिगर साखरेची पुडी काउंटरवरून हलली नाही पाहिजे."

"हे जमतंय," अण्णा म्हणाले. "घरच्यांना बी सांगतो, दुपारी गल्ल्यावर तीच असती."