मेकॉलेचं 'ते' भाषण कधी झालंच नाही

आमच्या तालमीच्या ग्रुपवर परत ते मेकॉलेचं पोस्टर फिरतंय. फोटो, खाली तारीख २ फेब्रुवारी १८३५, आणि मजकूर असा की लॉर्ड मेकॉले ब्रिटिश पार्लमेंटमध्ये म्हणाला, मी भारतभर फिरलो पण एक भिकारी दिसला नाही, एक चोर दिसला नाही, असा देश जिंकायचा तर ह्यांची जुनी शिक्षणपद्धती मोडली पाहिजे. दरवेळी बघून सोडून देतो. पण परवा माझी पुतणी वक्तृत्व स्पर्धेसाठी हेच वाक्य पाठ करत होती, इतकी जीव लावून म्हणत होती की मला राहवलंच नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो, मोठं झालं तरी वाचा.

तारीख बघा. २ फेब्रुवारी १८३५ ला मेकॉले कलकत्त्यात होता. खासदारकी सोडून गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमध्ये कायद्याचा मेंबर म्हणून आला होता, आणि बोटीने इकडे यायलाच त्याला जवळजवळ चार महिने लागले होते. बरं, त्या दिवशी लंडनमध्ये पार्लमेंटसुद्धा भरलेलं नव्हतं, तिकडं निवडणुका चालू होत्या, नवं पार्लमेंट बसलं १९ फेब्रुवारीला. मग भाषण केलं कुठं आणि ऐकलं कुणी? 'लॉर्ड' पण तो १८५७ ला झाला.

आता 'भारतभर फिरलो'. जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला, तिथनं बंगलोर, म्हैसूर करत माणसांच्या खांद्यावरच्या पालखीतनं उटीला गेला, कारण गव्हर्नर जनरल बेंटिंक तिथं होता, आणि मग कलकत्ता. तोवर त्यानं बघितलेला भारत एवढाच.

भिकारी नाही, चोर नाही हे तर ऐकवत नाही. तो मद्रासला उतरायच्या आदल्याच वर्षी गुंटूर भागात भयंकर दुष्काळ पडून माणसं मेली होती. आणि ठगांच्या बंदोबस्तासाठी स्लीमन नावाचा अधिकारी त्याच काळात रान पिंजत होता. आपल्या देशाचा अभिमान मलाही आहे, पण त्यासाठी मेलेल्या माणसांना नाहीसं करायची गरज काय?

मग त्या तारखेला झालं काय? त्या दिवशी त्यानं शिक्षणावर एक टिपण लिहिलं, त्याला मिनिट म्हणतात. १८१३ च्या कायद्यानं शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये ठेवले होते, ते संस्कृत-अरबीवर घालवायचे की इंग्रजीवर, हा कलकत्त्यातल्या सरकारी शिक्षण कमिटीतला वाद होता. त्यात त्यानं लिहिलं की मला संस्कृत येत नाही, अरबी येत नाही, आणि तरी पुढं लिहिलं की युरोपातल्या चांगल्या लायब्ररीतलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं आहे. रक्तानं आणि रंगानं भारतीय पण आवडीनं, विचारानं इंग्रज असा वर्ग तयार करायचा, हेही तिथंच. म्हणजे खरा कागद पोस्टरपेक्षा जास्त झोंबणारा आहे! पोस्टरवाल्यांनी त्याच्या तोंडात आपली स्तुती घातली आणि त्याचा खरा तुच्छपणा झाकून टाकला, मला राग ह्याचाच येतो.

शेवटचा मुद्दा, 'आपल्या शाळा मोडल्या'. ह्यात थोडं तथ्य आहे आणि ते सांगितलं पाहिजे. विल्यम अ‍ॅडम नावाचा एक माणूस, मूळचा मिशनरी, बेंटिंकनं त्याला १८३५ मध्येच बंगालमधल्या देशी शाळांची पाहणी करायला लावली. १८३८ पर्यंत तीन रिपोर्ट दिले त्यानं, बंगाल-बिहारमध्ये लाखभर गावशाळा असाव्यात असा त्याचा अंदाज होता, आणि त्या शाळाच सुधारा असं तो सांगत होता. कलकत्त्याच्या त्याच कमिटीनं ते बाजूला ठेवलं. पुरावा पाहिजे तर हा अ‍ॅडम आहे की, त्याला कोण विचारत नाही.

पण ही बंगालची गोष्ट झाली. मुंबई इलाख्यात मराठी शाळा चालूच राहिल्या, सगळं इंग्रजीतनं करा म्हणणाऱ्यांना नाना शंकरशेठांनी इथं तोंडावर विरोध केला. न्यायमूर्ती रानडे लहानपणी आपल्या कोल्हापुरात आधी मराठी शाळेत, मग इंग्रजी शाळेत शिकले, आणि १८५९ ला मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक पास झाले. आणि जुन्या शाळेत बसायला मिळत होतं कुणाला? मुलींसाठी १८४८ ला जोतिराव-सावित्रीबाईंना पुण्यात नवी शाळा काढायला लागली. आपल्या संस्थानात सगळ्यांना सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण द्यायला १९१७ साल उजाडलं, ते शाहू महाराजांनी केलं. सगळं आधीच होतं म्हटलं तर ह्यांनी उभं केलेलं कुठं ठेवायचं?

पुतणीला त्या मिनिटाची प्रिंट काढून दिली, फडताळाच्या वाक्याखाली तिनं स्वतःच पेनानं रेघ मारली. भाषण आता तिथनंच सुरू करणार आहे ती. ग्रुपवर कुणाला पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो. आणि ते पोस्टर ज्यांनी पुढं पाठवलंय त्यांनी तेवढं डिलीट करा, दादा.