लेझरचा लाल ठिपका आणि आत्याची वाळूची पिशवी

गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी माझी आत्या ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही गुडघ्यांत सांध्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, असल्याचे निदान झाले. तेव्हापासून ती रोज सकाळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून धरीत दहापर्यंत मोजत असे आणि मग घोट्याला वाळूची पिशवी बांधून, खुर्चीत बसून पाय सरळ करीत असे. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले, तेव्हा ती पिशवी गॅलरीच्या दाराला अडसर म्हणून लावलेली दिसली. विचारले तर म्हणाली, "अगं, आता लेझर घेतेय ना मी. मशीन काम करतंय, मग मी कशाला गुडघे घासत बसू?"

हे ज्ञान तिला महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरून मिळाले होते. तोच संदेश पुढे माझ्या दोन रुग्णांनी आणि एका मावसबहिणीनेही मला पाठवला. त्याचा मथितार्थ असा: कोल्ड लेझरच्या, म्हणजे शेक न देणाऱ्या कमी शक्तीच्या लेझर किरणांच्या, दहा सिटिंगमध्ये गुडघ्याची झिजलेली गादी (कूर्चा) पुन्हा तयार होते आणि शस्त्रक्रिया टळते, या काळात आणि त्यानंतरही व्यायाम करू नये, कारण नवी गादी त्याने पुन्हा झिजते, हे नासाचे तंत्रज्ञान आहे, अमेरिकेत औषधे आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने ते मान्य केलेले आहे आणि त्याचे दुष्परिणाम शून्य आहेत. खाली पुरावा म्हणून 'आधी' आणि 'नंतर' असे दोन एक्स-रे. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या दवाखान्यात लेझरचे यंत्र आहे आणि मी ते वापरते. त्यामुळे पुढचे सारे लेझरच्या विरोधात आहे, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये.

आधी ते एक्स-रे पाहू. पहिल्या चित्राच्या कोपऱ्यात 'स्टँडिंग' असे लिहिलेले आहे, दुसऱ्यावर काहीही नाही. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही; दिसते ते दोन हाडांमधले अंतर आणि त्यावरून आपण कूर्चेचा अंदाज बांधतो. उभे राहून काढलेल्या चित्रात शरीराचा भार पडून हे अंतर कमी दिसते आणि त्याच माणसाचे, त्याच दिवशी, आडवे झोपवून चित्र काढले तर ते जास्त दिसू शकते. बरे, तेही सोडा. पहिल्या चित्रात नडगीशेजारचे बारीक हाड डावीकडे आहे आणि दुसऱ्यात उजवीकडे. म्हणजे एकतर ते दोन वेगळे गुडघे आहेत किंवा एक चित्र आरशातल्यासारखे उलटे लावलेले आहे. दहा सिटिंगमध्ये गादी वाढली असे घटकाभर मानले, तरी हाड या बाजूचे त्या बाजूला गेले असे मानायला मी तयार नाही.

यावर हसता येते, पण व्यायाम बंद करण्याच्या सल्ल्यावर हसता येत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या वंगणातून होते आणि ते वंगण कूर्चेत आतबाहेर होण्यासाठी सांध्यावर भार पडणे आणि तो सुटणे, हे स्पंजसारखे चालू राहावे लागते. शिवाय जिना उतरताना गुडघ्याला बसणारा हिसका झेलण्याचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूचे असते. तो स्नायू दुबळा झाला की तो हिसका सांध्यावर येतो. दुखते म्हणून माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे स्नायू रोडावतो आणि स्नायू रोडावला की आणखी दुखते. आत्याच्या दोन्ही मांड्यांचा घेर मी टेपने मोजला, तेव्हा तो माझ्या जुन्या नोंदीपेक्षा कमी भरला. आताशा ती जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते. भाजी शेजारच्या वहिनी आणून देतात.

ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये ऑस्टिओआर्थ्रायटिसविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत उपचारात्मक व्यायाम सर्वच रुग्णांना सुचवावा असे म्हटले आहे. सुरुवातीला व्यायामाने दुखणे वाढू शकते, तरीही नियमित व्यायाम सांध्यांच्या हिताचाच आहे, हे रुग्णाला समजावून सांगावे, असेही तिथे स्पष्ट नोंदवलेले आहे. संदेश लिहिणाऱ्याने नेमकी हीच सुरुवातीची दुखरी पायरी पकडून तिचे 'झीज होते' असे भाषांतर केले आहे.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करते. लेझरमध्ये काहीच तथ्य नाही, असे म्हणता येत नाही. बुडापेस्टच्या एन्ड्रे मेस्टर यांना १९६७ च्या सुमारास, केस काढलेल्या उंदरांवर कमी शक्तीचा लेझर टाकला असता त्यांचे केस लवकर वाढल्याचे आढळले आणि तिथून हा विषय सुरू झाला. बीएमजे ओपन या नियतकालिकात २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेवरच्या २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यांत एकूण १०६३ रुग्ण होते आणि खोट्या लेझरच्या (म्हणजे नुसता देखावा, किरण नाहीत) तुलनेत खऱ्या लेझरने, रुग्ण आपले दुखणे जिच्यावर खूण करून दाखवतो त्या शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर, उपचार संपताना सरासरी १४ मिलिमीटर वेदना कमी झाली होती. ज्या चाचण्यांत शिफारस केलेली मात्रा वापरली होती, तिथे फरक याहून मोठा होता. याउलट नाइसने त्याच २०२२ च्या तत्त्वांत पुरावा अपुरा असल्याचे सांगून, या आजारासाठी लेझर देऊ नये असे म्हटले आहे. माझे मत या दोहोंच्या मधले आहे: योग्य मात्रेत दिलेल्या लेझरने काही रुग्णांचे दुखणे काही आठवडे कमी होते आणि तेवढ्या अवधीत त्यांच्याकडून व्यायाम करून घेता येतो. दुखणे कमी होणे म्हणजे गादी भरून येणे नव्हे आणि लेझरने ती भरून येते असे मानण्याजोगा पुरावा नाही.

मात्रेचे म्हणाल, तर त्या आढाव्यात ७८५ ते ८६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरसाठी प्रत्येक बिंदूला ४ ते ८ जूल ऊर्जा ही शिफारस धरली आहे. १०० मिलिवॉटच्या प्रोबने (किरण सोडणाऱ्या हातातल्या दांडीने) ४ जूल द्यायला ४० सेकंद लागतात आणि गुडघ्याभोवती असे अनेक बिंदू असतात. आत्याबरोबर मी एकदा तिच्या सिटिंगला गेले होते. तिथली मदतनीस मुलगी एका हातात मोबाइल धरून, दुसऱ्या हाताने साडीवरूनच प्रोब फिरवत होती. निऱ्यांवर लाल ठिपका नाचत होता आणि दोन्ही गुडघे मिळून तीन मिनिटांत काम आटोपले. या तरंगलांबीचे किरण अवरक्त असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. लाल ठिपका असतो तो नेम दाखवण्यापुरता. कापडातून आणि हलत्या हातातून आत किती पोहोचले असेल, त्याचा हिशोब मांडण्यातही अर्थ नाही. आत्याचे म्हणणे, "गरम लागत नाही, म्हणजे चांगलंच असेल." गरम न लागणे हे खरे, कारण हा शेक नव्हे, पण यंत्र बंद असले तरी गरम लागत नाहीच.

एफडीएविषयी थोडक्यात: अशी बहुतेक यंत्रे आधीपासून बाजारात असलेल्या यंत्रांशी समकक्ष आहेत, एवढे पाहून त्यांना विक्रीची वाट मोकळी केली जाते आणि तीही बहुधा तात्पुरत्या वेदनाशमनासाठी. झीज भरून येते, याला त्यातून दुजोरा मिळत नाही. नासाने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी एलईडी दिवे वापरले आणि पुढे जखमांवरही त्यांचे प्रयोग झाले. एलईडी म्हणजे लेझर नव्हे, आणि रोप म्हणजे गुडघा नव्हे.

दुष्परिणाम कमी आहेत हे खरे, शून्य नाहीत. किरण डोळ्यांत गेल्यास पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही संरक्षक चष्मा लावायचा असतो. त्या खोलीत चष्मा कोणाच्याच डोळ्यांवर नव्हता. कर्करोगाच्या गाठीवर आणि गरोदरपणी पोटावर लेझर देत नाहीत. प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे चालू असतील, तर ते आधी सांगावे लागते. आत्याला यांतले काहीही कोणी विचारले नव्हते.

हे सारे तिच्या पलंगावर बसून समजावून सांगितल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "मग पॅकेजमधल्या उरलेल्या सहा सिटिंगचं काय? पैसे भरलेत मी." मी म्हटले, "घे की. पण साडी गुडघ्याच्या वर घे, चष्मा माग आणि एका जागी किती सेकंद धरतात ते मोज." मग उठून दाराजवळची पिशवी उचलली, तिच्या घोट्याला बांधली आणि अडसर म्हणून दाराला चपलेचा जोड लावला.